लोखंडे हवालदारांची उसनवारी

लोखंडे हवालदारांच्या बाहीवरच्या तीन फिती एका तांब्याच्या हंड्यापायी गेल्या, हे त्या काळी आमच्या पिंपरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गेल्या की त्यांनी आपण होऊन घालवल्या, याबद्दल मात्र दोन तट होते. मी दोन्ही तटांत राहून आलेय. कधी कधी तर सकाळी एकात आणि संध्याकाळी दुसऱ्यात. नव्वदीला टेकल्यावर तरी माणसानं कुठल्या तरी एका बाजूला स्वस्थ बसावं की नाही? पण हा माणूस अजून मला बसू देत नाही.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. आमचे हे औषधांच्या नव्या कारखान्यात लागले होते. एका अंगाला जुनं पिंपरी गाव, शेतंभातं, गोठे, देऊळ. दुसऱ्या अंगाला कॅम्प, म्हणजे फाळणीत सिंधमधलं घरदार टाकून आलेल्या माणसांच्या लांबच लांब बराकी. आणि मधल्या माळावर बायजाक्कांच्या मालकीच्या काही खोल्या, त्यात आमच्यासारखे भाडेकरू. कुणी नगरचं, कुणी बीडचं, कुणी रत्नागिरीचं. गाव कॅम्पाला ‘ते’ म्हणायचं, कॅम्प गावाला ‘ये लोग’ म्हणायचा आणि आम्हा भाडेकरूंना दोघंही ‘बाहेरचे’ म्हणायचे. या तिघांत मिळून एक चौकी, चौकीत एक हवालदार आणि एक शिपाई. शिपाई बहुतेक वेळ समन्स घेऊन पुण्याला गेलेला. म्हणजे एवढ्या पसाऱ्याला माणूस एकच, लोखंडे.

मी तेव्हा सातवीची फायनल पास होते आणि तसं सांगत फिरत होते. माहेरी वाचनालयातल्या रहस्यकथा गोधडीत लपवून वाचल्या होत्या, त्यामुळे माणूस पाहिला की आपल्याला त्याचं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. नाक पुढे, अक्कल मागे आणि डोक्यावर पदर, तोही कान झाकले जाणार नाहीत अशा बेतानं घेतलेला, असा एकूण माझा अवतार.

अशा चाणाक्ष बाईच्या दारात एके दिवशी सकाळी एक किडकिडीत माणूस उभा राहिला. हवालदार म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं त्याच्याकडे काही म्हणता काही नव्हतं. आवाज बारीक. मिशी होती, पण आरसा न बघता कातरत असावेत, कारण डावी बाजू उजवीपेक्षा अंमळ आखूड. अर्ध्या विजारीची घडी मात्र अशी, की बोट कापेल. निखारे घातलेला तांब्या फिरवून ते आपले कपडे स्वतः कडक करायचे, हे मला नंतर कळलं. एका हातात सायकल होती. ती ते हातानंच चालवत आले होते.

“वहिनी, नव्यानं आलात वाटतं. आज काय शिजलंय?”

मी गोंधळले. पोलीस दारात येऊन भाजीची चौकशी करतो, हे माझ्या कुठल्याच रहस्यकथेत नव्हतं.

“वांगं,” मी म्हणाले.

“झ्याक. जरा परात देता का? चौकीत पीठ मळायचंय. दुपारी आणून देतो.”

परात पितळेची, लग्नातली. तिच्यावर ‘चि. सौ. कां. सुमन हिस आत्याकडून’ अशी अक्षरं टोचून घेतलेली. आमच्याकडे तशी रीतच, भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात यायचं नाही. नाव नसलेलं भांडं म्हणजे आईबाप नसलेलं पोर. मी परात दिली. पोलिसाला नाही म्हणायला लागते ती हिंमत माझ्याकडे होती, पण ती नेमकी त्या वेळी मागच्या खोलीत होती.

दुपार झाली, संध्याकाळ झाली, परात नाही. दुसऱ्या दिवशी दारात एक अनोळखी बाई. सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, गोरा उन्हानं रापलेला चेहरा, आणि हातात माझी परात.

“ये तुमची है? हवालदार आमच्याकडे ठेवून गेला. मला वाचता येत नाही तुमचं. शेजारच्या मास्तरकडून वाचून घेतला. सुमन कोण, सुमन कोण, करत सगळ्या खोल्या फिरली.”

या इश्वरीबाई. कॅम्पातल्या बराकीत राहायच्या, पापड लाटून विकायच्या. नवरा तिकडेच दंग्यात गेलेला. परातीत त्यांनी पापड ठेवले होते, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांच्यातही होती. मग मला त्यांना आत बसवावं लागलं, चहा करावा लागला. निघताना त्या म्हणाल्या, “हवालदार चांगला आहे. पण डोक्यात भोक आहे.”

मी मनात म्हटलं, भोक नाही बाई, डाव आहे. या हवालदारावर पाळत ठेवली पाहिजे.

आता पाळत म्हणजे काय, तर मी खिडकीच्या फडक्याला एक भोक पाडलं. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या भोकातून माझा एक डोळा स्पष्ट दिसायचा, ही गोष्ट मला खूप उशिरा समजली. त्या भोकातून मी काय काय पाहिलं! हवालदार बीडच्या शांताबाईंकडून सूप घेऊन जायचे आणि ते गावातल्या सुताराच्या घरी पोचायचं. सुताराची शिडी न्यायचे, ती कॅम्पात कापडवाल्याच्या दुकानाला टेकलेली दिसायची. कापडवाल्याची छत्री रत्नागिरीच्या मास्तरांच्या खुंटीवर. मागताना कधी चुकायचे नाहीत, परत करताना मात्र हमखास घर चुकायचे. आणि मग ज्याची वस्तू तो ती शोधत निघायचा. दारोदार. ज्यांच्या दारात जन्मात पाऊल टाकलं नसतं अशा दारांत.

एकदा मी त्यांच्या मागावर निघाले. कमरेवर घागर, पाण्याला चाललेय असं सोंग. ते पुढं सायकल ढकलत, मी मागं. ते थांबले की मी थांबायचे आणि घागर उगाच या कमरेवरून त्या कमरेवर घ्यायचे. कॅम्पाच्या तोंडाशी ते वळले.

“वहिनी, नळ तर मागं राहिला. घागरीला हवा खायला आणलीय का?”

मी म्हणाले, “तुम्ही सायकल हवा खायलाच आणता ना?”

ते हसले. “सायकलवर बसलं की माणसं दिसत नाहीत, वहिनी. खड्डेच दिसतात.”

आणि मला बरोबरच घेऊन निघाले. मी गुप्तहेर ती गेले उघड उघड पाहुणी होऊन! त्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंडताना पाहिलं, हे कुणाच्या घरात पाऊल टाकायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर टेकायचे, पाणी मागायचे आणि तोच प्रश्न करायचे, “आज काय शिजलंय?” मला वाटायचं, खादाड आहे मेला. शांताबाईंच्या दारात त्यांनी असंच विचारलं तर आतून उत्तर आलं, “भाकरी, हवालदार, भाकरी.”

ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “धूर कुठाय?”

खरंच, चुलीला धूर नव्हता. त्यांनी मला आत पाठवलं. शांताबाई तापानं फणफणून भिंतीशी पडल्या होत्या, नवऱ्याची पाळी कारखान्यात, आणि कुणाला हाक मारायची तर ओळख कुणाची? हवालदार तोवर समोरच्या रत्नागिरीकर मास्तरीणबाईंना उंबऱ्यावर बोलावून म्हणत होते, “बाई, तुमच्या पेजेचं फार ऐकलंय. शांताबाईंना चाखायचीय म्हणत होत्या.” शांताबाईंनी पेजेचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. पण मास्तरीणबाई फुगल्या, पेज घेऊन आल्या आणि संध्याकाळपर्यंत शांताबाईंच्या उशाशी बसल्या. त्या दिवशी मला त्यांचा तो प्रश्न थोडा कळला. उसनवारीचं कोडं मात्र सुटेना. हा माणूस वेंधळा होता की वस्ताद?

मी ह्यांना विचारलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “तुला काय करायचंय?”

“परात माझी गेली होती.”

“आली ना पापड घेऊन? मग.”

पुरुषांना कुतूहल नसतं, म्हणून त्यांना झोप चांगली लागते.

आता हंड्याकडे येते. त्यासाठी आधी बायजाक्का सांगायला हव्यात. आमच्या घरमालकीण. गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातल्या, उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की त्यांनी गोठ्यात बैलाला हाक मारली तर कारखान्यातला माणूस मान वर करायचा. कॅम्पाचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं. कॅम्पातल्या बायका त्यांच्या शेताच्या बांधावरून जवळच्या वाटेनं यायच्या तर यांनी बाभळीचे काटे आणून टाकले. “आपलं गाव नासवलं यांनी. कुठनं आले, काय खात्यात, द्येवाला ठावं.” मालक रामभाऊ त्यांच्याहून तिखट. गावात बसून रोज ठराव करायचे, की कॅम्पातल्या माणसाला गावात शिरू द्यायचं नाही.

तर एके दिवशी हवालदार बायजाक्कांच्या दारात. “अक्का, चौकीतला माठ फुटला. एखादा हंडा द्या की. माठ आणला की परत.”

बायजाक्कांनी तांब्याचा मोठा हंडा दिला. त्यावर नाव, ‘सौ. बायजाबाई रामभाऊ, मु. पिंपरी’. माहेरहून आलेला, घासून लखलखीत. आणि हवालदारांनी तो परत करताना कुठे ठेवावा? इश्वरीबाईंच्या बराकीत.

हे कळल्यावर बायजाक्का तरातरा कॅम्पाकडे निघाल्या. स्वतः टाकलेल्या काट्यांवरून पाय उचलत, शिव्या देत. मी मागं गेलेच, सांगायला नकोच. इश्वरीबाईंच्या दारात त्या गरजल्या, “माजा हंडा काड भायेर!” आतून इश्वरीबाई आल्या, हंड्याकडे बोट केलं. हंडा कोपऱ्यात नीट पालथा घातलेला, फडक्यानं झाकलेला. आणि शेजारी तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून ठेवलेलं. कॅम्पात नळ थोडाच वेळ यायचा, पाणी साठवावं लागायचं आणि मोठं भांडं इश्वरीबाईंकडे नव्हतं. सगळी भांडी तिकडे राहिली होती.

“हंडा हाय घरात, तर पानी डब्यात का भरती?” बायजाक्का खेकसल्या.

“तुमचा आहे. माझा नाही,” इश्वरीबाई म्हणाल्या. “विचारल्याशिवाय कसा भरू?”

बायजाक्का वाकल्या, एका डब्यात बोट बुडवून चाटलं आणि थुंकल्या. “हे पानी पिती तू? तेलाचा वास मारतोय.” मग काय झालं मला अजून सांगता येत नाही. त्यांनी हंडा उचलला, सरळ केला, डब्यातलं पाणी बाहेर ओतलं आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे हितंच. आन् ही सुमी हाय ना, हिच्या तोंडाला कुलूप लाव. मालकाला कळता कामा न्हाई.”

माझ्या तोंडाला कुलूप! बाईंनी काय विश्वास टाकला! पण मी ते पाळलं बरं का. पोट फुगलं, पण पाळलं. पुढे काट्यांमधून एक वाट निघाली. बायजाक्का दुपारी ‘शेतात’ जाऊ लागल्या आणि पदराखालून पापड आणू लागल्या. रामभाऊ ते चवीनं खायचे आणि पापड कुठले म्हणून एकदाही विचारायचे नाहीत. पुरुषांच्या कुतूहलाविषयी मी मघाशी बोललेच.

आणि मग गावातून भांडी चोरीला जाऊ लागली. दिवाळीच्या तोंडावर घासून अंगणात उन्हाला मांडलेली. आज याची कळशी, उद्या त्याचं घंगाळ. गावानं लगेच ठरवलं, कॅम्पातली माणसं. कॅम्पात कुजबुज, आपल्याला हाकलायला गावानंच रचलंय. रामभाऊ आणि चारचौघं लोखंड्यांना वगळून थेट वरच्या ठाण्यावर गेले. “आमचा हवालदार कॅम्पाला फितूर हाय,” असं सांगून आले. चोरीला गेलेल्या भांड्यांत रामभाऊंनी आपला तांब्याचा हंडाही सांगितला. घरात दिसला नाही, बायकोला विचारलं तर ती ‘गेला आसंल’ म्हणाली. तो चोरीला गेला असं ते मनापासून समजत होते.

फौजदार आले ते दुपारी, जीपमधून, पाच-सहा शिपायांसह. कॅम्पात झडती सुरू झाली. गाव बघायला लोटलं. बराकींतून बाया, मुलं, म्हातारे बाहेर काढून रांगेत उभे केले. आणि इश्वरीबाईंच्या बराकीतून एक शिपाई हंडा घेऊन बाहेर आला. उन्हात तांबं असं झळकलं की सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

फौजदारांनी मोठ्यानं नाव वाचलं. “बायजाबाई रामभाऊ. कोण हे रामभाऊ?”

“म्या साहेब! माजाच हंडा!” रामभाऊ पुढं. “बगा, म्हनलं न्हवतं?”

“काय बाई, कुठून आणला हा?”

“बायजानं दिला साहेब. पाणी भरायला.” इश्वरीबाई म्हणाल्या.

रामभाऊ गावाकडे वळून हसले. “आमची मंडळी? आवो, ती ह्या वाटंला सुदिक फिरकत न्हाई!”

गाव हसलं. मी बायजाक्कांकडे पाहिलं. त्या बायांच्या मागं उभ्या होत्या, पदर तोंडावर. हो म्हणावं तर नवरा साऱ्या गावापुढं, फौजदारापुढं खोटा पडतो. गप्प राहावं तर ही बाई चोर ठरून कोठडीत जाते. इश्वरीबाई बायजाक्कांकडे नुसतं पाहत होत्या. शिपायानं इश्वरीबाईंच्या दंडाला हात घातला.

तेवढ्यात बारीक आवाज आला. “साहेब.”

लोखंडे पुढं आले. सॅल्यूट ठोकला. “हंडा मी ठेवला इथं. चौकीसाठी अक्कांकडून उसना आणला होता. परत करताना घर चुकलं.”

“घर चुकलं?”

“जी.”

“गावातलं घर कॅम्पात चुकलं?”

“दोन्ही दारं पूर्वेकडंच आहेत, साहेब.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. फौजदारांच्या कपाळावर शीर उठली. “आणि मग?”

“मग ध्यानातून गेलं.”

“अजून कुणाकुणाची भांडी अशी ध्यानातून गेलीत?”

माझ्या तोंडात परात आली होती. अगदी ओठांपर्यंत. हवालदारांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि ती मी गिळली. मागं शांताबाईंनी सूप गिळलं, सुतारानं शिडी गिळली.

फौजदार म्हणाले, “पोलीस लोकांच्या घरातून वस्तू उचलतो, भलत्या घरात नेऊन टाकतो आणि विसरतो. उद्या लोकांनी दाद मागायची ती कुणाकडे? मी वर लिहितो. फिती गेल्या समजा.”

“जी,” लोखंडे म्हणाले. इश्वरीबाईंचा दंड शिपायानं सोडला होता, तेवढं त्यांनी पाहून घेतलं.

गोष्ट इथं संपली असती. पण बायजाक्कांनी तोंडावरचा पदर बाजूला केला.

“फौजदार, हवालदार खोटं बोलतोय.”

सगळी गर्दी वळली.

“पयल्यांदा त्यानं ठिवला, ते खरं. पर मी आले हुते न्यायला. न्हाई न्येला. म्याच म्हनले ऱ्हाऊ दे. ही तेलाच्या डब्यातलं पानी पीत हुती. कुत्र्याला तरी घालतो का आपन तसलं पानी?”

रामभाऊंचा चेहरा उतरला. “तू कॅम्पात येतीस?”

“व्हय.”

“कवापास्नं?”

“रोज जेवताना पापड मागता न्हवं? त्ये काय आपल्या वावरात उगावत्यात?”

आधी कॅम्पातली एक म्हातारी हसली. तिला मराठी किती कळलं असेल कोण जाणे, पण नवऱ्याचा चेहरा सगळ्या भाषांत सारखाच. मग गावातल्या बाया. मग तर असा हशा उठला की शिपायांनीही तोंडं फिरवली. रामभाऊ जमिनीकडे पाहत एवढंच म्हणाले, “पापड चांगले हुते.”

हसले नाहीत ते फौजदार. “म्हणजे हवालदार माझ्यासमोर खोटं बोलला,” ते म्हणाले. “आधी नुसता निष्काळजी होता. आता वरिष्ठाशी खोटंही बोलला.” बायजाक्कांना वाटलं होतं आपण माणूस सोडवला. त्यांनी त्याला आणखी अडकवलं. त्या दोन पावलं पुढं झाल्या, काहीतरी सांगू लागल्या, पण लोखंड्यांनी हात वर केला, बस. जीप निघून गेली. हंडा मध्येच जमिनीवर राहिला होता. इश्वरीबाई त्याला हात लावेनात. बायजाक्कांनीच उचलला आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवला, साऱ्या गावादेखत.

भांडी नेणारा पुढे खडकीच्या बाजूला जुनी भांडी विकत घेणाऱ्या एका मोडवाल्याकडे सापडला. गावचा नव्हता, कॅम्पाचाही नव्हता. पण वरून हुकूम यायचा तो आलाच. लोखंड्यांच्या फिती काढल्या, पुन्हा शिपाई केलं, बदली चाकणला. गावानं आणि कॅम्पानं मिळून अर्ज करायचं ठरवलं, आयुष्यात पहिल्यांदा एकत्र. रामभाऊंनी पहिला अंगठा उठवला. उपयोग झाला नाही. सरकारला बहुधा दोन्ही दारं पूर्वेकडंच वाटली असतील.

जायच्या आदल्या दिवशी मी चौकीत गेले. ते खाटेवर बसून ब्लेडनं फितींचे टाके उसवत होते. एकेक टाका, कापडाला इजा होऊ न देता, एखाद्या शिंप्यासारखे.

मला राहवेना. “हवालदार, आता खरं सांगा. मुद्दाम करायचात ना?”

त्यांनी दोरा फुंकून उडवला. “वहिनी, विसरलो म्हटलं तर तो दोष. मुद्दाम केलं म्हटलं तर गुन्हा. दोषाला फिती जातात. गुन्ह्याला कमरेचा पट्टाच जातो.”

“म्हणजे मुद्दामच!”

“मी असं कुठं म्हटलं?”

“मग खरंच विसरायचात?”

“तसंही कुठं म्हटलं?” ब्लेड कागदात गुंडाळत ते म्हणाले, “आज काय शिजलंय?”

मी पाय आपटत घरी आले. सगळी रहस्यं उकलणारी बाई, आणि एका हवालदारानं मला भाजीच्या प्रश्नावर दाराबाहेर काढलं!

आज माझा नातू राहतो त्या इमारतीत फाटकावर तीन पहारेकरी आणि प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आहे. एकदा त्याला विचारलं, समोरच्या घरात कोण राहतं रे? तो म्हणाला, “आजी, कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड होतं.” मी म्हटलं, नाव विचारलं मी, चित्रपट नाही. पण ते असो. आम्हालाही कुठं शहाणपण होतं? आमच्यावर एक वेंधळा, नाहीतर वस्ताद माणूस नेमलेला होता, एवढाच फरक.

शेवटचे पाहिले ते चाकणला. खेडला नणंदेकडे चालले होते, वाटेत एसटी थांबली. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गाड्यांची ही गर्दी. दोन बैलगाड्या चाकांत चाकं घालून अडकल्या होत्या आणि दोघं शेतकरी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यांच्या मधोमध ते. मिशी तशीच, डावी बाजू आखूड. त्यांनी काय केलं म्हणाल? याच्या बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या बैलाचा याच्या. आणि स्वतः चाकाशी वाकले. आता दुसऱ्याचा बैल हातात धरून माणसाला ओरडता येत नाही. बैल बुजतो. तेव्हा दोघंही शिव्या गिळून ‘हो हो, ओहो’ करत दुसऱ्याच्या बैलाची मान चोळत उभे राहिले.

एक जण म्हणाला, “ओ हवालदार, किती येळ धरू?”

“शिपाई म्हण रे. फिती गेल्या.”

“कुठं गेल्या? ह्या काय दिसत्यात की!”

आणि खरंच दिसत होत्या. बाहीचं खाकी उन्हापाण्यानं विटून पांढुरकं झालं होतं. फिती होत्या तेवढीच जागा तशीच गडद राहिली होती. तीन पट्टे, स्पष्ट. लांबून पाहणाऱ्याला फिती अजून लावलेल्याच आहेत असं वाटावं. लोखंड्यांनी मान वळवून आपल्या दंडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग ते बारीक आवाजात हसले आणि पुन्हा चाकाशी वाकले.

मला हाक मारायची होती. प्रश्न तयारच होता, परातीपासूनचा. पण एसटीनं भोंगा दिला आणि मी, जन्मभर खिडकीला भोकं पाडत आलेली बाई, गप्प बसून राहिले. गाडी वळेपर्यंत खिडकीतून पाहत होते. चाकं सुटली होती, गाड्या मोकळ्या झाल्या होत्या, तरी ते दोघं गडी एकमेकांचे बैल धरून बोलतच उभे होते.